त्यागानंतरची तळमळ

चातुर्मासाला आरंभ झाला की आपल्या मंदिरांतून आणि स्थानकांतून नियम घेणाऱ्यांची रीघ लागते. कोणी रात्रिभोजनाचा त्याग करतो, कोणी कंदमुळांचा, तर कोणी चार महिने हिरव्या भाज्यांचा. दरवर्षी चार-दोन जण तरी व्याख्यानाने भारावून जाऊन भर सभेत उभे राहतात आणि तंबाखूचा त्याग करतात. सभा अनुमोदना करते, घरच्यांचे डोळे पाणावतात, आणि वीस वर्षे ज्या पुडीवरून घरात वाद झाले ती पुडी त्या दिवशी कचऱ्यात जाते.

चौथ्या दिवशी त्याच घरात चहात साखर कमी पडल्याचे निमित्त होऊन कप आपटला जातो. दुकानातील जुन्या नोकराला नको ते बोलले जाते. नातवंडे आजोबांच्या खोलीकडे फिरकेनाशी होतात. "एवढा धर्म केला आणि स्वभाव असा कसा झाला?" असे पत्नी हळूच नणंदेला विचारते. पंधराव्या दिवशी घरातील कोणीतरी वैतागून म्हणतो, "खा बाबा तुझी तंबाखू, पण घराला शांतता दे." नियम बहुधा तिथेच संपतो. पुढच्या चातुर्मासात तो गृहस्थ सभेत उभा राहत नाही, कारण आपल्याला हे जमणारे नाही अशी त्याची स्वतःची आणि घरच्यांचीही खात्री झालेली असते.

वस्तू सोडणे आणि सोडल्यानंतरचे दिवस निभावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाचा आपण गौरव करतो. दुसऱ्या कामाची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. या महिन्याच्या लेखात त्या दुसऱ्या कामाचा विचार करू.

आपल्या शास्त्रांनी श्रावकाला सात व्यसनांपासून दूर राहण्यास सांगितले: जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. या यादीत तंबाखूचे नाव नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून परतलेल्या असद बेग या वकिलाने ती अकबर बादशहापुढे नजर केल्याची नोंद त्याच्याच लेखनात आहे. परंतु यादीत नाव नाही या गोष्टीचा आपण सोयीचा अर्थ काढला. "पानच तर आहे, वनस्पतीच तर आहे" असे म्हणत जर्दा, मावा, तपकीर आणि मिश्री या वस्तू अशा घरांत शिरल्या, जिथे कांदा-लसणालाही प्रवेश नाही. कित्येक वृद्ध भगिनी पहाटे दातांना मिश्री लावतात, आणि तिला व्यसन म्हणावे हे घरात कोणाच्या मनातही येत नाही. सुपारीला तर आपण मुखवासाचा मान दिला आहे. वास्तविक, नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा प्रश्न किती घरांचा आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होत्या. त्यांतही धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा ती तोंडावाटे वा नाकावाटे घेणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होती. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पानपट्टीवर काय मिळते, हे वाचकांना ठाऊक आहे.

आता त्या चौथ्या दिवशीच्या आपटलेल्या कपाकडे वळू. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य मेंदूत पोचले की तेथे डोपामिन नावाचे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रोजच्या सवयीने मेंदू स्वतःची रचनाच या बाहेरच्या पुरवठ्यावर बेतून घेतो. पुरवठा थांबला की काही तासांतच अस्वस्थता सुरू होते. चिडचिड, राग, काळजी, उदासी, कामात चित्त न लागणे, झोप उडणे आणि सारखी भूक लागणे ही तिची ठरलेली लक्षणे होत. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचतात आणि नंतर तीन-चार आठवड्यांत हळूहळू ओसरतात. म्हणजे ज्या दिवसांत घरचे लोक "आता चार दिवस झाले, सुटलीच म्हणायची" असे समजून निर्धास्त होतात, नेमक्या त्याच दिवसांत त्या माणसाची परीक्षा सर्वांत कठीण असते.

"तंबाखूने मन शांत होते" असे खाणारा सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो. परंतु जी अस्वस्थता ती शमवते, ती बहुतांशी तिच्याच अभावातून निर्माण झालेली असते. माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी जो नवे कर्ज काढतो, त्याला त्या दिवशी सुटल्यासारखे वाटते खरे, पण मुद्दल जागच्या जागीच राहते. चिमूटभर तंबाखूने मिळणारी शांती याच जातीची आहे. हे कर्ज ज्याला कायमचे फेडायचे आहे, त्याला काही आठवडे ओढाताण सोसावीच लागते. ती ओढाताण पाहून खाते बुडीत आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण परतफेड चालू असल्याचीच ती खूण असते.

या अवस्थेला आपल्या शास्त्रात नाव आहे. आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक इष्टवियोगाचा, म्हणजे प्रिय वस्तू दुरावल्यावर तिचेच चिंतन करीत राहण्याचा. तंबाखू सोडणाऱ्याची उदासी ही एका अर्थी शोकाचीच उदासी असते. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर, दुपारी दुकानात निवांत झाल्यावर, हिशेब जुळत नसताना, एकटेपणी तीस वर्षे जिने सोबत केली, ती आता नाही. ती सोबत घातक होती, हे बुद्धीला पटलेले असते. मन मात्र रिकाम्या जागेभोवती घुटमळत राहते. त्याला "यात रडण्यासारखे काय आहे?" असे विचारणे म्हणजे त्याचे दुःख अधिक एकाकी करणे होय.

आमच्या शाखेत एक रोखपाल होते. स्वभावाने अत्यंत ऋजू. निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठ ग्राहक त्यांच्याच खिडकीसमोर रांग लावत. त्यांनी महावीर जयंतीला मावा सोडला. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध ग्राहकाच्या सहीवरून त्यांचा आवाज असा चढला की संपूर्ण शाखा स्तब्ध झाली. दुपारी डबा न उघडताच ते म्हणाले, "साहेब, माझी मलाच ओळख पटत नाही." आमचे शाखाधिकारी अनुभवी होते. त्यांनी ना उपदेश केला, ना खुलासा मागितला. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी या गृहस्थांना रोख खिडकीवरून काढून आतल्या टेबलावर दप्तर तपासणीचे काम दिले आणि दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे माव्याच्या वेळेला, त्यांना न चुकता सोबत घेऊन आवारात एक फेरी मारली. पंधरा दिवसांनी रोखपाल आपल्या खिडकीवर परतले आणि पहिल्याच दिवशी त्या वृद्ध ग्राहकाची त्यांनी क्षमा मागितली. मावा त्यानंतर त्यांनी घेतला नाही. निश्चय त्यांचाच होता. पण तो टिकण्याजोगी जागा दुसऱ्या कोणीतरी करून दिली होती.

अशी जागा स्वतःसाठी कशी करावी?

पहिली गोष्ट वेळेची. तलफ अखंड राहत नाही. ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा काही मिनिटांतच उतरते. आपल्याकडे काळाला बांधून घेतलेल्या नियमांची केवढी सुंदर परंपरा आहे! सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारसी, त्यापुढची पोरिसी, आणि मूठ वाळून नवकार म्हणेपर्यंतचे मुट्ठिसहिय पच्चक्खाण. ज्याला "आयुष्यभर तंबाखू नाही" या शब्दांचेच दडपण येते, त्याने तलफ आली की एका सामायिकाचा, म्हणजे ४८ मिनिटांचा नियम घ्यावा. त्या अवधीत लाट येऊन ओसरूनही जाते. स्वस्थ बसवत नसेल तर चालावे, दीर्घ श्वास घ्यावा, घोट घोट पाणी प्यावे, कोणाला तरी दूरध्वनी करावा. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तानंतर पाण्याचा आधार नसतो. पण त्यांच्या मुखात सूर्योदयापर्यंत काहीच जाणार नसते, हा त्यांचा मोठाच लाभ आहे.

दुसरी गोष्ट देहाच्या अवस्थेची. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात चार अवस्थांपासून सावध राहण्यास सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. तलफ यांपैकी एखाद्या दाराने आत येते. म्हणून पहिल्या आठवड्यातच कठोर उपवास आरंभणे सर्वांना झेपेल असे नाही. याउलट अनुभवही दिसतो. काही जण अठ्ठाईच्या निमित्ताने आठ दिवस तंबाखूला शिवत नाहीत आणि शरीराचे सर्वांत कठीण दिवस पार करतात. पण पारण्याच्या दिवशी दुपारी पुन्हा पुडी उघडतात. कारण मनाने तो नियम तपापुरताच मानलेला असतो. अशांनी पारण्यापूर्वीच पुढच्या महिन्याचा नियम घेऊन ठेवावा.

तिसरी गोष्ट नोंदीची. एका छोट्या वहीत तलफ आल्याची वेळ, त्याआधी काय घडले आणि मनात कोणता भाव होता, एवढेच लिहावे. आठवड्याच्या शेवटी ही वही वाचली की आपल्या तलफेचे वेळापत्रकच हाती लागते. एखाद्याला कळते की, तलफ भोजनानंतर येत नसून भावाशी वाटणीच्या गोष्टी बोलून झाल्यावर येते. मग उपाय तंबाखूवर करायचा की भावाशी मोकळे बोलण्याचा, हे त्याचे त्याला उमगते. पुष्कळदा ज्या भावना आपण वर्षानुवर्षे चिमटीखाली दाबल्या, त्या सोडल्यानंतर प्रथमच वर येतात. घरातील स्त्रियांची मिश्री हा तर अनेकदा न बोललेल्या गोष्टींचा एकमेव विसावा असतो.

एवढे करूनही पाऊल घसरू शकते. या बाबतीत आपल्या आचार्यांनी केलेले विवेचन मला आजही अतिशय उपयोगी वाटते. आचार्य अमितगतींनी दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या: मनाची शुद्धी ढळणे हा अतिक्रम, शीलाचे कुंपण ओलांडणे हा व्यतिक्रम, विषयात प्रवृत्त होणे हा अतिचार आणि त्यात अत्यंत आसक्त होऊन राहणे हा अनाचार. या चारांत भेद केला, यातच मोठी करुणा आहे. तंबाखूची इच्छा झाली म्हणजे नियम मोडला नव्हे. पानपट्टीपर्यंत पाय गेले, तरी तेथून परत फिरता येते. एकदा चिमूट तोंडात गेली, तर तो दोष खराच, पण आलोचना आणि प्रायश्चित्ताने पुन्हा नियमात येता येते. बहुतेक नियम एका चिमटीने मोडत नाहीत. "आता मोडलाच आहे, तर उरलेली पुडी तरी कशाला टाकू?" या विचाराने ते मोडतात. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मुळी परत फिरणे असा आहे.

आता घरच्या मंडळींविषयी. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण अशी दोन अंगे आहेत. दुसऱ्याच्या दोषाचा बोभाटा न करणे हे उपगूहन. डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे हे स्थितिकरण. स्थितिकरणासाठी वारिषेण मुनींची कथा सांगितली जाते. राजगृहीच्या श्रेणिक राजाचे हे पुत्र. त्यांचा मित्र पुष्पडाल याने त्यांच्यामागोमाग दीक्षा घेतली. पण बारा वर्षे उलटली तरी त्याचे मन घरी राहिलेल्या पत्नीभोवतीच फिरत होते. वारिषेणांनी हे ओळखले, पण त्याची निर्भर्त्सना केली नाही आणि इतर मुनींपुढे वाच्यताही केली नाही. ते त्याला आपल्या राजवाड्यात घेऊन गेले, स्वतः सोडलेले वैभव त्याच्यापुढे ठेवले आणि हवे तर हे सारे तू घे, असे सांगितले. पुष्पडालाचे डोळे उघडले आणि तो मार्गात स्थिर झाला. वेष बदलल्यावरही मनाला बारा वर्षे लागू शकतात, हे ज्या परंपरेने ओळखले, तिच्या अनुयायांनी पंधरा दिवसांत धीर सोडू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा. तंबाखू सोडणाऱ्याचे खिसे तपासू नयेत. पाहुण्यांपुढे दिवस मोजू नयेत. "बघू किती दिवस टिकतो" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. महत्त्वाचे निर्णय, जुने हिशेब, सोयरिकीची बोलणी हे सारे तीन-चार आठवडे पुढे ढकलावे. त्याचा आवाज चढला तर त्या क्षणी उत्तर न देता तासाभराने बोलावे. मात्र स्थितिकरण म्हणजे मुकाट्याने मार सोसणे नव्हे. अपशब्द किंवा हात उगारणे हे तलफेच्या नावाखाली क्षम्य ठरत नाही. तेथे थोरांची, आणि गरज पडल्यास बाहेरची मदत घ्यावी. पत्नीच्या मनातही वर्षांचा राग साठलेला असतो, आणि पती सुधारू लागल्यावरच तो बाहेर येतो. तिलाही कोणीतरी ऐकून घेणारे हवे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतात, ते याच कारणाने.

एक गोष्ट मात्र अत्यंत गंभीरपणे सांगावयाची आहे. वर जे लिहिले ते तंबाखूबद्दल. मद्याची गोष्ट निराळी. दीर्घकाळ आणि रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-चार दिवसांत भास, भ्रम व तीव्र कंप होऊन जिवावर बेतू शकते. झोपेच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेऊन अचानक थांबविल्या तरी असेच संकट ओढवू शकते. अशा व्यक्तीने नियम अवश्य घ्यावा. पण वैद्यकीय सल्ल्याने आणि देखरेखीखालीच सोडावे. "आपल्या समाजात असे नसते" या संकोचापायी काही घरे ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवतात. त्या संकोचाची किंमत घरातील माणसाच्या प्राणाने चुकवावी लागू नये.

तंबाखू सोडतानाही औषधांची मदत घेण्यात उणेपणा नाही. निकोटीनचे च्युइंगम किंवा चिकटपट्टी ठराविक मुदतीपुरती घेऊन मात्रा उतरवीत नेण्याची पद्धत मान्यताप्राप्त आहे. २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. आपल्या नियमात ती बसते किंवा नाही, अशी शंका असेल तर डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांनाही मोकळेपणाने विचारावे. उदासी काही आठवडे उलटूनही हटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तंबाखूच्या वेष्टनावरही तो छापलेला असतो. कोणत्याही व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांकही विनामूल्य आहेत.

आपल्या संघांच्या विश्वस्तांना एक विनंती. तपस्वींचे बहुमान आपण करतोच, आणि ते करावेतच. त्याबरोबर यंदा प्रत्येक संघाने, पूर्वी व्यसन सोडलेल्या दोन-तीन जाणत्या व्यक्तींना त्यांच्या संमतीने एक काम सोपवावे. सभेत नियम घेणाऱ्याशी त्याच सायंकाळी त्यांनी खासगीत बोलावे, आणि पुढील महिनाभर दिवसाआड एक दूरध्वनी करावा. विचारपूस तंबाखूची नको, "झोप लागली का? जेवण गेले का?" एवढीच असावी. वरील तीन क्रमांक सूचनाफलकावर लावावेत, आणि भगिनींसाठी हे काम भगिनींनीच करावे. यासाठी निधी लागत नाही की ठराव लागत नाही.

संवत्सरी आणि क्षमावणी आता दूर नाही. त्या दिवशी नियम घेतलेल्या गृहस्थाने या कठीण आठवड्यांत ज्यांना दुखावले, त्यांच्यासमोर सर्वप्रथम हात जोडावेत. आणि घरच्यांनीही, त्याची तळमळ न ओळखता जे बोलून गेले असेल, त्याबद्दल त्याची क्षमा मागावी.

जय जिनेंद्र.